कोपर झिजलेल्या शर्टांच्या मुलखात

सकाळी साडेसहाला साकीनाक्याहून टेम्पो निघाला तेव्हा त्यात आम्ही तिघे होतो. चालवायला मी, शेजारी माझी धाकटी बहीण सुलू, आणि मागे बिजागऱ्यांच्या खोक्यांवर टोपली मांडीत घेऊन बसलेली जमना बोहारीण (जुने कपडे घेऊन त्यांवर नवी भांडी देणारी). आमच्या गावचे मास्तर मागच्या वर्षी काश्मीरला जाऊन आले आणि मंडळाच्या अंकात त्यांनी नुसत्या बर्फावर नऊ पाने लिहिली. मी मुलुंड, मढ आणि बोरिवली पाहून आलो. मास्तरांना काश्मीर कुणीही दाखवले असते. मी जे पाहिले ते पाहायला बोहारीणच बरोबर लागते.

आधी निघालो कशासाठी ते सांगतो. सुलू अठ्ठावीस वर्षांची आहे आणि तिला तीनच्या पुढे मोजता येत नाही. मतिमंद मुलांची शाळा अठराव्या वर्षी हातात प्रमाणपत्र देऊन मोकळी होते. त्यानंतर आठ वर्षे सुलू खिडकीत बसून होती. मग घाटकोपरला देसाईबाई भेटल्या. एका व्यायामशाळेच्या मागच्या खोलीत त्या अशा मोठ्या मुलामुलींची कार्यशाळा चालवतात. माझा बिजागऱ्यांचा कारखाना. प्रत्येक पुडीत बारा स्क्रू घालावे लागतात. बाईंनी बारा भोकांची एक लाकडी फळी करून घेतली. भोकाभोकात एकेक स्क्रू ठेवायचा, फळी भरली की पिशवीत उपडी करायची. सुलूला बारा म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण दोन वर्षांत तिची एक पुडी कमीजास्त भरली नाही. माझ्या बारावी पास कारकुनाबद्दल मला हे सांगता येणार नाही.

आता व्यायामशाळेला मेअखेर खोली परत हवी होती. दुसरी जागा घ्यायची तर अनुदान पाहिजे, नाहीतर सुलू पुन्हा खिडकीत.

अनुदान देणारा एक न्यास आहे, त्याचे नाव कशाला घेऊ? मागच्या वर्षी त्यांची समिती पाहणीला येणार होती. गिऱ्हाईक येणार म्हटले की मी कारखाना धुऊन काढतो, सवयच आहे. खोलीला पदरमोड करून रंग दिला, दारावर तोरण, सगळ्यांना नवे कपडे, समितीला पेढे आणि बदामाचे दूध. समितीने दूध संपवले आणि आठ दिवसांनी पत्र धाडले: संस्था सुस्थितीत आढळली, तूर्त साहाय्याची निकड दिसत नाही. ते पत्र मी लायसनच्या पाकिटात ठेवले आहे. हवालदाराला लायसन दाखवताना ते दिसते आणि माझे डोके तापते. त्यामुळे दोनदा जास्त दंड भरावा लागला आहे.

यंदा अर्ज मी स्वतः भरला. कार्यशाळेत माणसे नऊ. मी अठरा लिहिली.

"परब, हे खोटं आहे," देसाईबाई म्हणाल्या.

"बाई, हा भाव आहे," मी म्हणालो. "न्यासाचे मेघजीभाई कापडबाजारातले. अठरा सांगितले की ते निम्मे करणार. नऊ सांगितले तर साडेचार माणसं कुठून आणायची?"

मेघजीभाईंनी एक शब्द न कापता अठरा मंजूर केले. फक्त खाली एक ओळ होती: पुढच्या रविवारी पाहणीच्या वेळी अठराही जण हजर असावेत. माझ्या धंद्यात मी एक शिकलो आहे. सांगितल्या भावात माल उचलणाऱ्या गिऱ्हाइकाइतके धोकादायक कुणी नसते.

हे रडगाणे मी घरी गात होतो तेव्हा जमना ओट्यावर बसून माझ्या बायकोशी एका पातेल्यावरून भांडत होती. ती तिथूनच म्हणाली, "नऊच ना रे भाऊ? नव्वद सांग ना."

"तुला काय माहीत?"

"कपडा बोलतो. मोठ्या मापाचा लेंगा, पण नाडीच्या जागी इलॅस्टिक. शर्टाला बटणं नाय, टिचबटणं. आणि कॉलर एकदम साफ, पण कोपर झिजलेला. का? माणूस बाहेर जातच नाय, तर कॉलर मळणार कशी? दिवसभर खिडकीला टेकून बसतो." मग सुलूकडे हनुवटी उडवून म्हणाली, "हिचे पण झंपर तसेच यायचे. दोन वर्षं झाली, येत नाय."

मी सुलूच्या कोपरांकडे पाहिले. मग विचारले, "घेणार काय?"

"तू पाहणीसाठी शिवलास तो सफारी."

"अगं, अजून अंगाला लागला नाही तो!"

"म्हणून तर."

तासभर झगडलो. शेवटी सफारी ठरला, पण पाहणीनंतर. विचार साधा होता: लग्नाला खुर्च्या आणतो तशी नऊ माणसे रविवारपुरती आणायची, सोमवारी परत. नमुना दाखवल्याशिवाय मी कधी माल विकत नाही, म्हणून सुलूला बरोबर घेतले. तिने आपली फळी आणि स्क्रूंची पिशवी स्वतःहूनच घेतली.

मुलुंडला पोचलो तेव्हा दूधवाले परतत होते. स्वच्छ गल्ल्या, बाल्कनीत तुळशी, जिन्यात तुपाचा वास. जमनाने दुसऱ्या मजल्यावरचे एक दार दाखवले. दाराची साखळी न काढता एका बनियनमधल्या गृहस्थांनी फटीतून पाहिले.

"आम्हाला काही घ्यायचं नाही."

"मी विकायला आलो नाही," मी म्हणालो. "तुमच्या मुलाला न्यायला आलोय."

दार बंद झाले.

"असं बोलतात?" जमनाने कपाळावर हात मारला. "पोलीस बोलावतील ना यार!"

पुन्हा बेल वाजवली. आता ते गृहस्थ हळू आवाजात म्हणाले, "हे पाहा, आम्हाला मुलगा नाहीच. एक मुलगी आहे, तिचं लग्न ठरतंय. उगाच बोभाटा करू नका."

जमना पायरीवरून ओरडली, "मग दर दिवाळीला चौतीस छातीचे शर्ट कुणाचे देता हो? तुमची तर अडतीस आहे!"

गृहस्थांनी नकळत पोट आत घेतले. माझाही पारा चढला होता आणि आता जिन्यात तमाशा होणार एवढ्यात खाली टक टक आवाज सुरू झाला. आमच्या बोलण्याला कंटाळून सुलू फरशीवर बसली होती आणि फळी भरत होती. एक स्क्रू, दुसरा, तिसरा. आतून कुणीतरी घसटत चालत आले. गृहस्थ आपसूक बाजूला झाले की त्यांना कुणी बाजूला केले, सांगता येत नाही, पण साखळी निघाली आणि चोवीस-पंचवीस वर्षांचा एक मुलगा बाहेर येऊन सुलूसमोर उकिडवा बसला. शर्ट पांढराशुभ्र, कॉलर कडक, आणि दोन्ही कोपरांना भोके. सुलूने अकरा भोके भरली आणि बारावे त्याच्यापुढे सरकवले. त्याने पिशवीतला स्क्रू घेऊन बसवला.

"श्रीधर," आतून त्याची आई म्हणाली. मग आमच्याकडे पाहून, "चहा घ्याल?"

चहा झाला. गृहस्थांनी अटी घातल्या. "फक्त रविवारी. आणि टेम्पो सोसायटीच्या फाटकात आणायचा नाही. कोपऱ्यावर उभा करा."

अशा वेळी माझ्या जिभेवर काय येते ते या अंकात छापता येणार नाही. पण गिऱ्हाईक हो म्हणाले की तोंड मिटायचे असते. अकरा वाजेपर्यंत त्याच दोन-तीन गल्ल्यांत पाच नावे झाली. पाचही जण जवळपासचे. एकाही घराला दुसऱ्या घरातले ठाऊक नव्हते. प्रत्येकाने मला तेच सांगितले: "शेजारी कुणाला बोलू नका."

तिथून पवई, आणि आरे कॉलनीच्या झाडीत टेम्पो तापला. तासभर उभे. दुधाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून मसाल्याचे थंड दूध प्यालो. सुलूला दुधाची पांढरी मिशी आली ती तिने मढपर्यंत पुसू दिली नाही. एक हवालदार आला, मागे डोकावला. "टेम्पोत माल काय?"

"भांडी," जमना म्हणाली. "तुझा जुना युनिफॉर्म देतोस? कढई देते." तो हसून गेला. लायसनचे पाकीट उघडावे लागले नाही हे माझे नशीब.

मालाडच्या बाजारातून वाट काढीत मार्व्याच्या रस्त्याला लागलो की मुंबई एकदम मागे पडते. दोन्ही बाजूंना तिवरे, मग ताड, मग खारा वास. मढला एका बंगल्यात शूटिंग चालले होते. फाटकाबाहेर नाटकी जखमा रंगवलेला एक डाकू भजी खात होता. सुलूने त्याच्या जखमेला फुंकर घातली. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील वाळत होते. मेरी नावाची कोळीण तिथे भावाबरोबर मासळी निवडत होती. भावाचे नाव पेद्रू, वय चाळीसएक, जीभ जड. पण हात असा चालत होता की मांदेली इकडे, करंदी (बारीक कोळंबी) तिकडे, बोंबील पलीकडे. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला हाक मारत होता.

मी नेहमीची टेप लावली. कार्यशाळा, काम, मायेची माणसे.

"रविवारी?" मेरी म्हणाली. "रविवारी मिसेची (चर्चमधल्या प्रार्थनेची) घंटा कोण वाजवल? तू?"

"अहो, एकच रविवार!"

"आणि सोमवारी विचारशील त्याला?"

मी टेम्पोकडे पाहिले. तेवढे तिला पुरले.

"समजला. तुला मानूस नको हाय, तुला आकडा पायजे. आमचा पेद्रू भाड्यानं देत नाय आम्ही. जा रे बाबा, ऊन लागल."

मी चिडलो. आवाज चढवला, हात उडवले, मासळीवरच्या माश्यासुद्धा उठल्या. पेद्रू शांतपणे उठला, सुलूच्या ओंजळीत चार मांदेली ठेवल्या आणि पुन्हा कामाला बसला. माणसे हसली. मी टेम्पोत येऊन बसलो.

"याच्या शर्टाची कॉलर कशी असते?" मी जमनाला विचारले.

"मळकी," ती पुटपुटली. "लय मळकी."

"मग इथे कशाला आणलंस?"

"इलॅस्टिक होतं ना! मी पण कधी चुकते. पण सफारी माझाच हां."

मला खरे तर चूक जमनाची वाटली नाही, पण ते तिला कशाला सांगा?

बोरिवलीला पोचलो तेव्हा ऊन कलले होते. पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, पत्र्याच्या बैठ्या चाळी. गावडेकाका दारातच बसले होते. गिरणीत साचे चालवायचे. संपानंतर गिरणी पुन्हा लागली नाही, काकू लोकांकडे पोळ्या करते. मला बघून त्यांनी विचारले, "खयचे तुमी?"

"कणकवलीकडचो."

"मगे भायर कित्याक उभे? घावणे खावन जावा."

घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दिवसभरातले पहिले नीट जेवण. आत त्यांची मुलगी बेबी, बावीस वर्षांची, न बोलणारी, एका जुन्या लुगड्याची घडी घालत होती. काठाला काठ, कोपऱ्याला कोपरा. घडी झाली की मोडायची आणि पुन्हा घालायची. सुलू तिच्याजवळ जाऊन बसली आणि लुगड्याचे दुसरे टोक धरले. बेबीने एकदा पाहिले आणि तिला धरू दिले.

काकांनी माझे सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "रविवारी न्हेतलात. सोमवारी काय?"

एकाच दिवसात दुसऱ्यांदा. मढचा राग अजून उतरला नव्हता. त्या रागातच, मेरीला ऐकू जावे अशा आवाजात मी म्हणालो, "रोज नेतलंय, काका. रोज."

जमनाने मागून मला चिमटा काढला. रोज म्हणजे कोण नेणार, कशातून नेणार, मला काहीच ठाऊक नव्हते.

"सांजचा परत हाडून सोडशात मां?" (संध्याकाळी परत आणून सोडाल ना?) काका म्हणाले. "मिलवाल्यांनीय सांगितलेलां, परत बोलवतंव म्हणान. पाच वर्सां झाली, वाट बघतंय."

मी मान हलवली. आयुष्यात हजार शब्द दिले असतील; प्रत्येकात पळवाट ठेवलेली असते. यात ठेवायला सुचली नाही. त्याच चाळीतली आणखी दोन नावे मिळाली. पाच आणि तीन, आठ. एक कमी. परतताना मी ठरवले की नववा म्हणून कारखान्यातल्या कारकुनाला बसवायचे. त्याला बारा मोजता येत नाहीतच.

रविवार उजाडला. या वर्षी मी देसाईबाईंना निक्षून सांगितले होते: झाडायचे नाही, पुसायचे नाही, जळमटे असू द्या. सकाळी जाऊन पाहतो तो खोली लख्ख. रोज पहिल्यांदा केर काढायचे काम सुलूचे. ते तिने कुणाच्याही सांगण्यावरून सोडले नसते.

टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. मुलुंडच्या कोपऱ्यावर मात्र कुणीच उभे नव्हते. घाटकोपरला परत येतो तो ते गृहस्थ पँटमध्ये शर्ट खोचून दारात हजर. बरोबर श्रीधर, त्याची आई, आणि मागे नवी-जुनी मिळून दहा कुटुंबे.

"आम्ही बसने आलो," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "मीच जरा चौकशी केली. अहो, आमच्या खालच्याच मजल्यावर एक मुलगी आहे. बारा वर्षं राहतोय आम्ही त्या जिन्यात!"

बाकीची बातमी जमनाने टोपलीतून वाटली होती. दहा वाजता खोलीत तेवीस जण बसले होते. फळ्या नऊच, म्हणून एका फळीवर दोघे-तिघे.

मेघजीभाई ठेंगणे, पांढरे धोतर, बगलेत छत्री. बरोबर मागच्या वर्षीचा तो पत्र लिहिणारा चिटणीस. त्याने भिंतीकडे पाहिले आणि म्हणाला, "यंदा रंग उडालाय." मी पाकिटाकडे हात नेला, पण देसाईबाईंनी माझ्या पायावर पाय दिला.

मेघजीभाईंनी छत्रीच्या टोकाने एकेक मोजला. मग पुन्हा मोजला.

"परबभाई, तेवीस होतात. तुम्ही अठरा लिहिले."

"चूक झाली, शेठ," मी म्हणालो. "भाव कमी सांगितला." आयुष्यात पहिल्यांदा हे वाक्य मी खरे बोललो.

"मागच्या साली नऊ होते."

मी एक वाकडी फळी सरळ केली.

"नऊचे अठरा केले ते अर्ज वाचताच समजले मला. चाळीस वर्षं बाजारात बसतो मी."

"मग कापले का नाहीत?"

"कापले असते तर तुम्ही नऊवर थांबले असते ना," मेघजीभाई म्हणाले आणि खिशातून डबी काढून सुपारी तोंडात टाकली. "तेवीस मंजूर. जागा, भाडं, बाईंना मदतनीस. आणायची-सोडायची गाडी तुमची."

"माझी? तो मालाचा टेम्पो आहे! माझा धंदा..."

"मग अठरा मंजूर. पाच कोण ते तुम्ही काढा."

मी खोलीकडे पाहिले. बेबी पुड्यांच्या पिशव्यांच्या घड्या घालत होती, काठाला काठ. श्रीधर सुलूला स्क्रू काढून देत होता. मेघजीभाई सुपारी चघळत होते आणि त्यांना घाई अजिबात नव्हती. गिऱ्हाइकाला कसे घेरायचे हे मी लोकांना शिकवतो. त्या दिवशी फुकट शिकलो.

"डिझेल तुमचं," मी म्हणालो.

"निम्मं," ते म्हणाले.

व्यायामशाळेच्या दारात जमना उभी होती. सफारीचा कोट मी तिथेच उतरवून दिला. पँट दुसऱ्या दिवशी पोचवली. बनियनवर टेम्पो हाकत सगळ्यांना सोडत निघालो. बोरिवली शेवटची. दिवेलागणीला चाळीपाशी पोचलो तर गावडेकाका रस्त्यापर्यंत आले होते. बेबी उतरली. काकांनी तिला नीट पाहिले, वरून खाली, काही कमी तर झाले नाही ना, असे. मग माझ्या बनियनकडे पाहिले आणि त्याबद्दल काही विचारले नाही.

"उद्या किती वाजता?" ते म्हणाले.

गिऱ्हाइकाला वेळ सांगताना मी नेहमी दोन तास जादा सांगतो. "साडेआठ," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी आठ पंचविसाला हजर होतो.

मास्तरांच्या प्रवासवर्णनात शेवटी बर्फ वितळतो आणि ते काहीतरी सुंदर लिहितात. मला तसे येत नाही. आमचा प्रवास संपलेलाच नाही, रोज सकाळी पुन्हा निघतो. टेम्पोला आता दोन्ही बाजूंनी बाकडी आणि वर ताडपत्री आहे, आणि बिजागऱ्या हातगाडीने जातात. त्यापायी माझे जे नुकसान होते त्याचा मी मेघजीभाईंकडे दर महिन्याला तगादा लावतो.

परवा जमना घरी आली, रागाने लाल. टोपली आपटली आणि मुलुंडहून आणलेला एक शर्ट माझ्यापुढे धरला. चौतीस छातीचा.

"बघ, काय केलंस ते! कॉलर काळीकुट्ट, खिसा फाटलेला, पाठीला ग्रीस. आणि कोपर बघ, एकदम शाबूत. असल्या शर्टावर मी चमचा पण देणार नाय. धंद्याची वाट लावलीस माझ्या, भाऊ."

मी शर्ट उलटून पाहिला. नीट पाहिला, उजेडात धरून. मग म्हणालो, "श्रीधरच्या आईला एक वाटी तरी दे."

"चमचा," ती म्हणाली.

वाटीवर सौदा फिसकटला. शर्ट अजून माझ्याकडेच आहे.